तीन नंबरची पिशवी

घडीमावशीला मोठ्या इस्पितळात नोकरी लागून सत्तावीस वर्षं झाली होती, आणि या सत्तावीस वर्षांत तिने एकही ऑपरेशन पाहिलं नव्हतं. तिची जागा तळघरातल्या लाँड्रीत. वर पाच ऑपरेशन थिएटरं, तिथे सकाळपासून माणसं कापायची आणि शिवायची कामं चालायची, आणि त्यांच्या अंगावरच्या हिरव्या चादरी, डॉक्टर-सिस्टरांचे गाऊन, सगळं पिशव्यांत भरून खाली यायचं. मावशीने ते मोजायचं, मशीनवाल्याने धुवायचं, मग मावशीने पुन्हा घड्या घालून, गाठोडी बांधून जंतू मारायला वाफेच्या भट्टीकडे पाठवायचं. घड्याही साध्यासुध्या नव्हेत. सिस्टरचा हात फक्त वरच्या कोपऱ्याला लागावा आणि बाकीची चादर आपसूक उलगडत जावी, अशी ती घडी. नवीन बाईला शिकायला दोन महिने लागतात आणि तरी चुकतेच. मावशी ती गप्पा मारता मारता घालायची, म्हणून तिचं नाव घडीमावशी पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

दिवसभर असं रक्ताचं बोचकं उपसणारी बाई संध्याकाळी घरी येऊन काय बघत असेल? इस्पितळाच्या मालिका. रात्रीचं जेवण आठच्या आत उरकायचं, ओटा पुसायचा आणि खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसायचं. डॉक्टर आणि डॉक्टरीण लिफ्टमध्ये एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे राहतात, त्या मालिका तिला फारशा आवडायच्या नाहीत. "पेशंट वर वाट बघतोय आणि यांचं काय चाललंय बघा," म्हणायची, पण बघायची. तिचा खरा जीव खऱ्या इस्पितळांवरच्या कार्यक्रमात. खरे डॉक्टर, खरे पेशंट, कॅमेरा थेट थिएटरात. तो लागला की घरात कुणी कप आपटायचा नाही.

गप्प बसून बघेल तर ती मावशी कसली! "इस्त्रीची चादर! कुठल्या इस्पितळात चादरीला इस्त्री असते?" "रक्ताच्या डागावर गरम पाणी ओततेय बया. आता जन्मात निघणार नाही तो. आधी गार पाणी, किती वेळा सांगायचं!" "धावतायत बघा कसे सगळे. आमच्याकडे फक्त कँटीनवाला धावतो."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तीस वर्षं नऊ-नऊ मजली भुयारांत पट्ट्याला लटकून काम केलेला माणूस, अंगाने धट्टाकट्टा, पण टीव्हीत सुरी दिसली की हा बाल्कनीत. वाळत घातलेले कपडे चाचपत उभा राहायचा आणि तिथूनच विचारायचा,

"झालं का?"

"कापून झालं. आता शिवतायत."

"मग अजून थांबतो."

कधी वैतागून म्हणायचा, "अगं, दिवसभर तेच धुतेस, संध्याकाळी पुन्हा तेच बघतेस? हलवायाला कधी मिठाई खाताना बघितलंयस?"

मावशी टीव्हीचा आवाज वाढवायची. एकदा सासरहून आलेल्या लेकीने मात्र सरळ विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "शेवट बघायला."

लेकीला वाटलं आई काहीतरी बोलायचं म्हणून बोलतेय. पण मावशी खरं तेच सांगत होती. लाँड्रीत येणारी पिशवी ही गोष्टीच्या मधल्याच पानासारखी. तिच्यावर थिएटरचा नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी, आत कपडे. कपड्यांवरून मावशीला पुष्कळ कळायचं. काम सरळ झालं की अडलं, थोडक्यात आटोपलं की लांबलं, किती जण उभे होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, त्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण तो माणूस घरी गेला की नाही, हे कपडे सांगत नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने एका सिस्टरना विचारलं होतं, "कालच्या त्या लांबलेल्या केसचं काय झालं हो?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही कपडे मोजा." तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला. हजारो माणसं तिच्या हातांखालून गेली आणि एकाचाही शेवट तिला ठाऊक नाही. टीव्हीवाले मात्र सांगतात. सहा महिन्यांनंतर, अशी पाटी येते आणि तोच माणूस कुत्र्याला घेऊन फिरताना दाखवतात. इतका वेळ रक्तमांस बघताना पापणी न हलवलेली मावशी त्या कुत्र्यापाशी डोळे पुसायची.

मग नवऱ्याला दम लागायला लागला. आधी कामावर, मग जिन्यात, मग नुसतं बुटांची नाडी बांधतानाही. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करायला हवी, पायातली शीर काढून छातीत जोडायची, चार-साडेचार तासांचं काम आहे.

नवरा घरी आला आणि म्हणाला, "मी नाही करून घेणार."

"का?"

"तुझ्या त्या कार्यक्रमांमुळे."

"तुम्ही कधी बघितलेत माझे कार्यक्रम?"

"बाल्कनीत ऐकू येतं सगळं. तरुण पोरगा असला की वाचवतात. म्हातारा असला, बायकोशी प्रेमाने बोलायला लागला, की समजायचं, जाहिरातीनंतर हा जाणार."

"ते मालिकेतलं. खऱ्यातले वाचतात."

"खऱ्यातले जे वाचतात तेच दाखवतात. जे गेले त्यांना कोण विचारणार, तुम्हाला टीव्हीवर यायचंय का म्हणून?"

इतकी वर्षं बघून हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचाच तिला राग आला. आठ दिवस घरात अबोला, आदळआपट आणि फोनवर लेकीची मध्यस्थी. शेवटी नवव्या दिवशी, नवरा आंघोळीहून येऊन पलंगावर नुसता धापा टाकत बसला असताना, ती म्हणाली, "मला तुम्ही हवे आहात. बाकी मला काही कळत नाही." एवढ्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. तो घाबरलाच. म्हणाला, "बरं. पण माझ्याशी प्रेमाने बोलू नकोस."

ऑपरेशन त्याच मोठ्या इस्पितळात, तीन नंबरच्या थिएटरात, सकाळी नऊला ठरलं. आदल्या दिवशी मावशीने सत्तावीस वर्षांत केली नव्हती ती लबाडी केली. फळीवरची गाठोडी ओळीने उचलायची, असा नियम. हिरव्या चादरी धुऊन धुऊन विरतात, भोकं पडतात, मग त्यांना ठिगळं लावतात. कुणाच्या वाट्याला ठिगळांची येते, कुणाच्या नाही. मावशीने ओळ मोडली. आठवड्यापूर्वी आलेल्या कोऱ्या चादरी काढल्या, एकेक उजेडासमोर धरून पाहिली, गाऊनही नवे निवडले आणि गाठोडं बांधलं. पायाची शीर काढायची म्हणून पायाचे कपडे वेगळ्या छोट्या गाठोड्यात. वर चिठ्ठी लावली : तीन नंबर, उद्या, नऊ वाजता. मशीनवाला बघत होता. त्याने चिकटपट्टीचा तुकडा कापून दिला.

दुसऱ्या दिवशी नऊला नवऱ्याला आत नेलं. जाताना तो तिच्याकडे न बघता लेकीला म्हणाला, "हिला चहा पाज." आणि दार मिटलं. त्यापुढचं दार, आतल्या खोल्या, सगळ्याचा नकाशा मावशीला पाठ होता, पण आज रजा टाकलेली, आज ती नातेवाईक. नातेवाइकांनी बाकावर बसायचं असतं.

बाकावर सहा-सात माणसं होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारी साठीचा एक माणूस येऊन बसला. कडेला टेकल्यासारखा. त्याच्या मांडीवर इस्पितळाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पोराचे कपडे आणि बूट. वायरमन पोरगा, नुकता तिशीत आलेला. कामावर शिडीवरून पडला, छातीत लोखंड घुसलं. घाईघाईने आत नेलंय, एवढंच बापाला माहीत होतं. मावशीने त्याला पाण्याची बाटली दिली. समोरच्या भिंतीवर टीव्ही चालू होता. कुणीतरी चॅनल बदलत होतं आणि एकदम हिरवे कपडे, तोंडाला फडकी बांधलेले डॉक्टर दिसले. बाकावरची सगळी माणसं एका सुरात ओरडली, "ते नको!" त्यात मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दहा वाजेपर्यंत ती कशीबशी बसली. मालिकेतल्या बायका दाराच्या काचेला कपाळ टेकून उभ्या राहतात. इथल्या दाराला काचच नव्हती. "मी खाली जाऊन येते, हात रिकामे आहेत," असं लेकीला सांगून ती लाँड्रीत आली आणि रजेच्या दिवशी घड्या घालायला लागली. मशीनवाल्याने तिच्यापुढे गाऊनचा ढीग सरकवला. दोघं काम करत राहिले. त्या ढिगाने तिला चांगला पाऊण तास साथ दिली.

पावणेअकराला वरून पिशवी आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, तीन नंबर, दहा वीस.

मावशीने ती दोनदा वाचली. चार-साडेचार तासांचं काम, नऊला सुरू केलेलं, दहा वीसला संपतं कसं? तिने पिशवी सोडली. चादरी कोऱ्या होत्या, बिनठिगळाच्या. कोपऱ्यावर तिचीच घडी अजून दिसत होती. बाकी सगळं भिजलेलं, जड. पिशवीत कधीकधी चिमटा, कात्री राहून जाते, म्हणून प्रत्येक कपडा मोजल्याशिवाय मशीनमध्ये टाकत नाहीत. तिचे हात आपल्या सवयीने मोजायला लागले. चादरी मोजल्या. गाऊन मोजले. पाच जणांचं काम असतं, पाच गाऊन येतात, सहा येतात. अकरा निघाले.

"अकरा," ती म्हणाली.

मशीनवाल्याने वहीत लिहिलं, मग वर पाहिलं आणि पेन ठेवून दिलं. एवढे कपडे एवढ्या थोड्या वेळात याचा अर्थ त्यालाही कळत होता. "मावशी, असं लगेच..." एवढंच तो बोलला. तोवर ती जिन्यात होती.

चार मजले ती चढून गेली. लिफ्टची वाट बघायचं तिला सुचलं नाही, ती लिफ्ट तिच्या नवऱ्यानेच दोनदा दुरुस्त केली होती तरीही. जिना चढताना तिच्या डोक्यात एकच विचार : मी भरीला घातलं. तो नाही म्हणत होता आणि मी भरीला घातलं. थिएटरच्या मागच्या दाराशी तिला मोठ्या सिस्टर भेटल्या. मावशीने त्यांचा दंड धरला.

"मला सांगा. मी पिशवी बघितली. मला सांगून टाका."

"कसली पिशवी?"

"तीन नंबरची. अकरा गाऊन. नवीन चादरी, मीच बांधलेल्या."

सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, पायाचे कपडे होते का त्यात?"

पायाचे कपडे नव्हते. सत्तावीस वर्षं कपडे मोजणाऱ्या बाईला, काय आलंय ते दिसलं आणि काय आलं नाही ते दिसलं नाही! महिन्याभराच्या नव्या पोरीनेही पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

"तुमचे पाच नंबरला आहेत," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी अपघाताची केस आली, ती तीनमध्ये घ्यावी लागली. तुमचं गाठोडं तिथे मांडून ठेवलेलं, तेच उघडलं. तुमच्या मिस्टरांचं उशिरा सुरू झालंय, पण छान चाललंय. मी आत्ताच बघून आले. तुमच्या मुलीला सांगितलं होतं की मी."

लेकीला सांगितलं होतं खरं. पण तीन काय, पाच काय, लेकीला काय फरक! दारावरचा आकडा बदलला, त्यात आईला खाली फोन करून सांगण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

मावशी भिंतीला टेकली आणि हसायलाच लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मोठ्याने म्हणाली, "म्हणजे तो आमचा नाही! देवा रे, आमचा नाही तो! दुसराच कुणी तरी!"

सिस्टरांनी तिचा हात घट्ट दाबला, तेव्हा तिला कळलं की कोपऱ्यापलीकडच्या छोट्या खोलीचं दार उघडं आहे. त्या खोलीत बसवून नातेवाइकांना काय ते सांगतात. दारात एक डॉक्टर उभा होता, आणि त्याच्या मागे, प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून, बाकावरचा तो माणूस.

त्याने ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघत होता, पण रागाने नव्हे. अजून सगळं पोचायचं होतं त्याच्यापर्यंत. मावशीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सत्तावीस वर्षं ज्या शेवटासाठी ती झुरली होती, तो एकदाचा समोर उभा होता आणि त्याचं स्वागत तिने हसून केलं होतं. ती काहीतरी बोलायला पुढे झाली, पण डॉक्टरने त्या माणसाला हाताला धरून बाहेर नेलं, आणि ती तिथेच राहिली.

पाच नंबरचं काम दोन वाजता संपलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले, तीनही नळ्या झाल्या म्हणाले, चार-पाच तासांत शुद्धीवर येतील. लेक रडायला लागली. मावशीने डॉक्टरांना हात जोडले, दोनदा विचारलं, "म्हणजे नक्की ना?" आणि नक्की म्हटल्यावर ती बाकावर बसली. तिला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, भरपूर आनंद झाला होता.

बसल्यावर तिला दिसलं, तो माणूस अजून बाकाच्या टोकाला आहे. अपघाताची केस म्हणजे पोलिसांचे कागद, आणि कागद झाल्याशिवाय पोरगा ताब्यात मिळत नाही. गावाकडून कुणीतरी निघालं होतं, ते संध्याकाळी पोचणार होतं. मावशीने लेकीला अतिदक्षता विभागाकडे पाठवलं आणि स्वतः उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"दादा, मघाशी मी जे बोलले..."

"असू दे ताई. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

मग तोच म्हणाला, "तुम्ही इथे कामाला आहात ना? मघा सिस्टरशी बोलताना कळलं."

"हो. खाली, लाँड्रीत."

"मग एक विचारू? तो डॉक्टर मला म्हणाला, आम्ही शक्य ते सगळं केलं." त्याने मांडीवरची पिशवी सारखी केली. "ताई, हे वाक्य टीव्हीत म्हणतात हो. आमची ही रोज बघते त्या मालिका. त्यांत कुणी गेलं की हेच म्हणतात. अगदी असंच, खांद्यावर हात ठेवून. म्हणून मला कळेना, खरंच केलं असेल का? की असं म्हणायचं असतं म्हणून म्हणतात? आता तिला फोन करायचाय. ती पहिल्यांदा हेच विचारील."

डॉक्टर काय करतात ते तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यावर तिने एक अक्षर काढलं नसतं. कपड्यांचं मात्र तिला कुणी शिकवायला नको होतं.

"दादा, त्याच्या ऑपरेशनचे कपडे माझ्याकडे खाली आले. मी स्वतः मोजलेत. आत काम करायला पाच माणसं असतात. जो आत जातो तो एक गाऊन घालतो. तुमच्या मुलाच्या पिशवीत अकरा गाऊन होते."

"अकरा?"

"अकरा. म्हणजे बाकीचे सहा जण कुठल्या कुठल्या खोल्यांतून, आपापली कामं टाकून आले. आणि सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. नुसतं उभं राहून बघणाऱ्याच्या बाह्या भिजत नाहीत. एकही कोरडी नव्हती, दादा. मी सगळ्या बघितल्यात."

मग त्याने मान हलवली, खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. पलीकडून काय विचारलं ते मावशीला ऐकू आलं नाही.

"नाही गं," तो म्हणाला. "नाही वाचला." मग पलीकडचं ऐकता ऐकता त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "केलं गं. सगळं केलं त्यांनी. अकरा डॉक्टर होते त्याच्याजवळ. अकरा."

त्या अकरांत डॉक्टर किती आणि सिस्टर किती, हे मावशीला माहीत होतं. तिने पाण्याच्या बाटलीचं टोपण काढून बाटली त्याच्यापुढे धरली.